पिंजाऱ्याच्या चौकटीवरचं कुंकू

या, असे अलीकडे सरका. बुवांना यायला अवकाश आहे, मृदंगाला आत्ता कुठं कणीक लावणं चाललंय, आणि मागं खांबाला टेकून बसलात तर पूर्वरंगातच घोरायला लागाल. तोवर एक गोष्ट सांगतो. पुराणातली नाही. तिच्यात राजा नाही, शाप नाही आणि शेवटी न्यायला विमानही येत नाही. आपल्या मोहगावच्या वच्छलाबाईची गोष्ट आहे. तोंड गोड होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण ऐका.

साल असेल शहाऐंशी-सत्त्याऐंशीचं. यशवंतरावांची सौंसरच्या रस्त्याला संत्र्याची बाग, खाली कपाशीचं वावर, घरी माणसं मोजकी. वच्छलाबाई त्यांची बायको. कीर्तनाची वेडी. बाकीचे लोक कीर्तन कानानं ऐकतात, ही पदरानं ऐकायची. आख्यान संपेस्तोवर पदर ओला झालेला असायचा. गावात सप्ताह बसला की हिच्या घरची चूल दिवेलागणीलाच विझे आणि यशवंतराव म्हणत, "आज भाकर गरम भेटन का बुवाच्या प्रसादावरच भागवू?" ती म्हणे, "प्रसादानं कोणी उपाशी नाई मेलं आजवर."

तिचा देव साधा होता. बुवांनी एकदा सांगितलं होतं की देवाला कोणतंच दार परकं नाही. हे वाक्य तिनं गाठीला बांधलं आणि त्यावर प्रपंच केला.

त्यांच्या शोभाचं लग्न जमलं पांढुर्ण्याच्या एका मास्तराशी, वैशाखातलं. मोहगाव, लोधीखेडा, रामाकोना, सगळीकडं आमंत्रणं गेली. कुळदेवतेला गेलं, मामाला गेलं. एकच राहिलं होतं, आणि त्याच्यासाठी वच्छलाबाईचा जीव अडकला होता. ते म्हणजे नब्बू पिंजाऱ्याचं.

नब्बू दरसाल कापूस निघाला की यायचा. खांद्यावर कापूस पिंजायचं धनुष्यासारखं पिंजण, हातात पोटली. यशवंतरावांच्या गोठ्याशेजारच्या ओट्यावर त्याचा हिवाळा जायचा. अर्ध्या गावाच्या गाद्या तो भरून द्यायचा. दिवसभर पिंजणाची तात वाजायची, आणि संध्याकाळी देवळात भजन सुरू झालं की हा बाहेर निंबाखाली बसून मान डोलवायचा. आत कधी आला नाही, आणि ये म्हणून कोणी म्हटलंही नाही. वच्छलाबाई मात्र प्रसादाचा द्रोण निंबाखाली नेऊन द्यायची. शोभा लहानपणी त्यानं पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर निजायची. तो म्हणे, "बिटिया, तेरे ब्याह की गादी मैंच भरूँगा. दुसऱ्या कोणी भरली तर मी उसवून टाकीन, बाई, सांगून ठेवतो."

त्या हिवाळ्यात नब्बू आला नाही. त्याचं गाव सातपुड्यापलीकडं, नदीकाठचं तटबंदीचं जुनं शहर. नाव घेत नाही मी, तिथल्या माणसांना ऐकून बरं वाटायचं नाही. त्या शहरात मागल्या साली दंगा झाला होता. पेपरात चार ओळी आल्या होत्या. त्यानंतर तिकडचे पिंजारी, चुडीवाले, कल्हईवाले, कोणीच घाट उतरून आले नव्हते.

"आपून लग्नाची लुगडी घ्याले जाऊन राहिलो, पिंजारी शोधाले नाई," यशवंतराव गाडीतच म्हणाले. पांढुर्ण्याहून पॅसेंजर धरली होती, पुढं इटारसीला बदलायची होती.

"लुगडी तं नागपुरातही भेटतात. मंग इतक्या दूर काऊन जाऊन राहिलो?"

"तिथं हातमागाची भेटतात. स्वस्त."

"मंग स्वस्तातच आमंत्रणही होऊन जाईन. तुमचं भाडं वसूल."

यशवंतराव खिडकीबाहेर पाहू लागले. या बाईशी बोलण्यात आजवर ते कधी जिंकले नव्हते.

शहर म्हणजे काय सांगू! अंबारीसकट हत्ती आत जाईल एवढा दरवाजा, दाराला वीतभर लांब खिळे, आणि तट असा रुंद की वर बैलगाडी चालावी. यशवंतराव टांग्यात उभेच राहिले. "काय तट हाय बाप्पा! शत्रू शिरंन कसा आत?"

टांगेवाला मागं न बघता म्हणाला, "सेठ, इतक्या वर्षांत बाहेरून कोणी आलाच नाही. जे काय झालं ते आतल्या आतच झालं."

आत एकच मोठी सडक, या दरवाजापासून त्या दरवाजापर्यंत. सडकेच्या उजव्या हाताला देवळांचे कळस, डाव्या हाताला मिनार. सडकेवर मधोमध पोलिसांचा तंबू. दंगा होऊन वर्ष लोटलं होतं तरी तंबू होताच, पोलिसांनी त्याच्या दोरीवर बनियनं वाळत घातली होती. लोक 'इकडं' आणि 'तिकडं' एवढंच म्हणायचे, गल्ल्यांची नावं विसरल्यासारखे. गंमत अशी की लुगडी विणली जायची तिकडं आणि विकली जायची इकडं. कापड सडक ओलांडत होतं, माणूस ओलांडत नव्हता.

दुकानदारानं गादीवर बसवलं, चहा मागवला, लुगड्यांचा ढीग पुढं टाकला. वच्छलाबाईनं दोन घड्या बघितल्या आणि विचारलं, "भाऊ, पिंजारवाडा कुठी हाय?"

दुकानदाराचा हात थांबला. "कशाला?"

"आमंत्रण द्याचं हाय. नब्बू पिंजारी."

"गादीच भरायची तर इकडं मशीनची मिळते, काकू."

"मशीनले लग्नाचं आमंत्रण देऊ काय?"

दुकानातली दोन-चार माणसं हसली, पण लगेच गप्प झाली. यशवंतरावांनी हलकेच म्हटलं, "तू ये जाऊन. मी हे पाहून ठेवतो." आणि ते लुगड्यांत डोकं घालून बसले. भ्याले होते, पण भ्यालो म्हणणार कोण?

दुकानाच्या पायरीशी एक म्हातारी हार विकत बसली होती. कपाळ मोकळं, हातात काचेऐवजी गिलटाचं एकेक कडं. टोपलीत एका बाजूला झेंडू, दुसऱ्या बाजूला गुलाब, आणि मधे ओलं फडकं. तिनं सगळं ऐकलं होतं.

"चला बाई," ती उठत म्हणाली, "मी तिकडंच चालले. झेंडू देवाला, गुलाब दर्ग्याला. फुलाला कोणी अडवत नाही, म्हणून मलाही नाही. केसर म्हणतात मला. केसर माळीण."

"तुम्हाले भीती नाई वाटत?"

"भीती वाटायला घरी काहीतरी असावं लागतं. नवरा गेला, लेकरू झालं नाही. आता मला कोण भिववणार?" आणि ती हसली. पुढचे दोन दात पडलेले होते. "तुमच्या लेकीचं नाव काय?"

"शोभा."

"छान. शोभेला हार लागतात. मी देईन एक गजरा."

दोघी सडक ओलांडून गेल्या. तंबूतल्या पोलिसानं केसरबाईला पाहून मान हलवली. गल्लीत शिरल्यावर वच्छलाबाईला कळलं की माणसं बोलता बोलता थांबत आहेत. पण केसरबाई सगळ्यांना नावानं हाका मारत होती. "क्यों जुबेदा, पाय बरा का?" "अरे, उद्या जुम्मा, गुलाब जास्त आणू?" लोक उत्तरं देत होते, मात्र नजर मागच्या बाईवर. लाल काठाचं लुगडं, कपाळभर कुंकू.

नब्बूचं घर ओळखू येत होतं. भिंतीच्या फटींत कापसाचे पुंजके अडकलेले, खिडकीशी तुटकं पिंजण टांगलेलं. दाराला कुलूप. शेजारच्या गोणपाटाच्या पडद्याआडून एका बाईचा आवाज आला, "सब लड़की के घर गए. जचगी है. आठ दिन में आएँगे." म्हणजे लेकीचं बाळंतपण. आणि पडदा पडला. वच्छलाबाईनं तिला हाक मारली, निरोप ठेव म्हणाली. पडदा हलला नाही.

आता पत्रिका ठेवून काय उपयोग? नब्बूला अक्षर वाचता येत नव्हतं. पण आपल्याकडं याला तोड आहे, तुम्हाला ठाऊक आहे. ज्याचं घर बंद मिळालं त्याच्या उंबऱ्यावर अक्षता टाकायच्या आणि चौकटीला ओल्या कुंकवाची पाच बोटं उमटवायची. आमंत्रण पोचलं. मोहगावात कोणी असं दार बघितलं की विचारतो, कोणाकडचं लग्न आहे रे? इतकं सरळ. नब्बूनं हे मोहगावात डोळ्यांनी पाहिलं होतं. तो ओळखणारच.

तिनं पिशवीतून करंडा काढला. केसरबाईच्या टोपलीतल्या ओल्या फडक्याचं पाणी हातावर पिळलं, कुंकू कालवलं आणि डोळे मिटून पाच बोटं उमटवली. मोठी, ठसठशीत, लाल.

केसरबाईचा चेहरा उतरला.

"बाई, पुसा ते."

"काय?"

"पुसा. इथं दाराला काही लावत नाहीत. मागल्या साली रात्रीतून दारांवर लाल खुणा केल्या होत्या. ज्या दाराला खूण, त्या दाराला दुसऱ्या दिवशी आग. इकडंही केल्या, तिकडंही. पुसून टाका, मी नब्बूला तोंडानं सांगेन. मी रोज येते इथं."

वच्छलाबाईनं ऐकलं. नीट ऐकलं. पण तिच्या कानांना त्यातला एकच शब्द टोचला, तो म्हणजे पुसा.

"लेकीच्या लग्नाचं कुंकू पुसू? हळद लागाच्या आधी?"

"बाई, लोक..."

"ते गेरू असन. हे कुंकू हाय. कुंकू अन् गेरू वळखू येत नाई असा माणूस असते काय कुठी?"

केसरबाई फडकं हातात घेऊन उभी होती. वच्छलाबाईनं तिचा हात धरला. आपल्याकडच्या बायकांना हे पटकन सुचतं, बघा. "तुले माह्या शोभाची शपथ हाय. मी गेल्यावरही पुसशील तं माह्या लेकीच्या कपाळाले हात लावशील."

केसरबाईनं त्या खुणेकडं पाहिलं, फडकं पुन्हा टोपलीत टाकलं आणि म्हणाली, "शपथ कशाला घातली बाई." एवढंच. सडकेवर आल्यावर तिनं फडक्याखालचा मोगऱ्याचा गजरा वच्छलाबाईच्या पिशवीत ठेवला आणि पैसे घेतले नाहीत.

वच्छलाबाई घरी आली ती हलकी होऊन. सगळी आमंत्रणं झाली. मांडव पडला, पापड झाले, नागपूरहून बहीण आली. गादी भरली नव्हती. "नब्बू येऊन भरंन," ती म्हणायची. यशवंतराव म्हणायचे, "अन् नाई आला तं जावई काय सतरंजीवर निजंन?" तरी तिनं दुसऱ्या पिंजाऱ्याला कापूस दिला नाही.

हळदीच्या दिवशी दुपारी नब्बू आला.

पिंजण नव्हतं. खांदा रिकामा, म्हणून तो वाकडा चालल्यासारखा दिसत होता. दाढी वाढलेली. मांडवात शिरला नाही, गोठ्याच्या ओट्याशी उभा राहिला. वच्छलाबाई हळदीच्या हातानंच धावली.

"आला गा बाप्पा! मी म्हणतच होती. पिंजण कुठी हाय? बस, पाणी देते."

"पाणी नको, बाई." नब्बू ओट्याच्या काठावर टेकला. "एक पूछना था. तुम्ही माझ्या घरी आल्या होत्या?"

"आली होती ना. कुलूप होतं. चौकटीले..."

"हाँ," नब्बू म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. सावकाश, कोणा परक्याची हकीकत सांगावी तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीनं दार पाहिलं. कुंकू वाळून काळपट झालं होतं. कोणीतरी ओरडलं की खूण केली. माणसं जमली, पोरं जमली. पडद्याआडची बाई म्हणाली की काल केसर माळीण एका परक्या बाईला घेऊन आली होती, आणि दोघी दाराशी उभ्या होत्या. तेवढ्यात केसरबाईच टोपली घेऊन आली. जुम्मा होता, गुलाब जास्त आणले होते.

"तिनं सांगितलं, बाई. ही खूण नाही, शादीचं कुंकू आहे. मोहगावच्या बाईच्या लेकीची शादी आहे. आमच्यातले बुढे मानायला तयार होते. केसर को सब जानते थे. माझ्या निकाहला सेहरा तिनंच गुंफला होता. एक जण बोलला, शादीचं आहे ना? मग तूच पुस. पुसलंस तर मानू. फडकं तिच्या टोपलीतच होतं."

वच्छलाबाईच्या हातावरची हळद वाळत चालली होती.

"तिनं नाही पुसलं. बोली, मुझे कसम दी है. बोली, मी अशी मोकळ्या कपाळाची बाई, दुसऱ्याच्या लेकीचं कुंकू कसं पुसू? सगळे म्हणाले, बघा, पुसत नाही. म्हणजे खूणच आहे. कोणी ढकललं, कोणी गोटा मारला. किसने मारा, खुदा जाने. माझ्याच पायरीवर पडली."

"अन् मंग?"

"मग काय. 'आमची केसर मारली' म्हणत तुमचे लोक आले. कापसाचं घर, बाई. जळायला वेळ लागत नाही. बाजूची तीन घरं गेली. केसर दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात मेली. मी आलो तेव्हा राख पण थंड झाली होती."

मांडवात बायकांनी हळदीचं गाणं धरलं होतं. शोभा पाटावर बसली होती, पिवळीधमक. नब्बूनं लांबूनच तिच्याकडं पाहिलं.

"बाई, खरंच कसम दिली होती तुम्ही?"

वच्छलाबाईला नाही म्हणता आलं असतं. मेलेली बाई काही साक्षीला येणार नव्हती. पण ती म्हणाली, "हो."

नब्बूनं मान हलवली. मग उठला. "मी तेवढंच विचारायला आलो होतो. लोक म्हणत होते, म्हातारी झूठ बोलली. बोलली नव्हती." दोन पावलं जाऊन वळला. "बिटियाला सांगू नका. तिची काय गलती?" आणि तो सौंसरच्या रस्त्याला लागला.

यशवंतरावांना तिनं मागच्या खोलीत नेऊन सांगितलं. त्यांनी आधी दार लोटलं. "चूप. उद्या लगन हाय. पांढुर्ण्याच्या लोकायच्या कानावर गेलं तं काय म्हणतीन? अपशकुनी पोरगी म्हणतीन. कोणाले बोलशील तं पाय."

"बाई मेली जी."

"आपून मारली काय?" यशवंतरावांचा आवाज चढला आणि मग एकदम पडला. "मी बी आलो असतो तुह्यासंगं तं बरं झालं असतं," ते म्हणाले आणि डोळे न भिडवता बाहेर गेले.

लग्न झालं. वच्छलाबाईनं सवाष्णींच्या कपाळी कुंकू लावलं, एकेकीच्या, सगळ्या वऱ्हाडाच्या. लावून झालं तरी प्रत्येकीच्या कपाळाकडं बघत राहायची. लोक म्हणाले, आईची माया. गादी पांढुर्ण्याच्या बाजारातून आणली, मशीनची.

पुढं श्रावणात सप्ताह बसला. काल्याच्या दिवशी बुवांच्या पाया पडायला रांग लागली तेव्हा वच्छलाबाईनं पाया पडायच्या आधी सगळं सांगितलं. चारचौघांत, मोठ्यानं. यशवंतराव मागं उभे होते, त्यांना अडवता आलं नाही. सांगून तिनं विचारलं, "हे पाप कोणाचं, बुवा?"

बुवा चांगले होते हो. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "माय, तुमचा भाव शुद्ध होता. देव भाव पाहतो." आजूबाजूचे सगळे म्हणाले, खरं आहे, भाव पाहतो. कोणी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आयुष्यात ही बाई कीर्तनकाराला उलटून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "देव भाव पाहत असन, बुवा. केसरबाईच्या डोक्यात भाव नाई पडला. गोटा पडला. तिनं मले सांगतलं होतं पुस म्हणून. मी तिचं ऐकलं नाई, मी माह्यंच ऐकलं. अन् तिनं माह्यं ऐकलं. आता तुमी म्हणता मी शुद्ध. मंग ती काय होती?"

बुवांनी टाळकऱ्यांकडं पाहिलं. टाळकऱ्यांनी गजर सुरू केला. आपल्याकडं असं अडलं की गजर सुरू करतात, तुम्ही पाहिलंच असेल. वच्छलाबाई पाया न पडताच रांगेतून बाहेर निघाली.

त्याच आठवड्यात ती एकटी त्या शहरात गेली. केसरबाईचं घर शोधत फिरली. इकडचे म्हणाले, ती तिकडंच जास्त असायची. तिकडचे म्हणाले, ती तर इकडची. घर भाड्याचं होतं, त्यात दुसरं कोणी राहायला आलं होतं. तेरवी कोणी केली हेही कळलं नाही. पोलिसांच्या तंबूतल्या माणसानं विचारलं, "कौन केसरबाई?" नवा होता बिचारा. दर्ग्याला आता फुलं दुसऱ्या दरवाजानं यायची, आणि देवळाला या दरवाजानं. सडक ओलांडणारं कोणी उरलं नव्हतं.

वच्छलाबाई अजून आहे. कीर्तनाला येते, पण हल्ली आत बसत नाही. तिचं दुःख तिला पुरतं, तिच्यासाठी मी काही मागत नाही. नब्बूचं त्याचं तो बघेल, त्याला लेक-जावई आहेत. पण त्या म्हातारीला लेकरू नव्हतं, आणि जिथं मेली त्या शहरात दोन्ही बाजूंना तिला आपली म्हणणारं कोणी नाही. म्हणून तुम्हालाच विनवतो. घरी जाऊन देवापुढं दिवा लावाल तेव्हा एवढं नाव घ्या. केसर माळीण. शपथ मोडली असती तर जगली असती. तिला विसरू नका.